महिन्याचं सामान: डी-मार्ट, वाणी, ग्राहक पंचायत की दहा मिनिटांचं ॲप?

भाचीने पनवेलला नवा संसार मांडलाय. दोघंही नोकरीवाले, घरी यायला आठ वाजतात, दारात एक स्कूटर. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, सामान डी-मार्टमधून भरू की खालच्या शेठकडून? हा तर म्हणतो, सगळं ॲपवरच मागवू." मी या सगळ्या वाटांनी सामान भरलेलं आहे, त्यामुळे उत्तर तोंडावर असायला हवं होतं. तसं ते नव्हतं. कारण तिच्या नवऱ्याने प्रत्येक ठिकाणी किती "बचत" होते याचे आकडे काढून ठेवले होते, आणि माझा राग नेमका त्या आकड्यावर आहे.

बिलाच्या तळाशी जी बचत छापतात ती छापील किमतीच्या तुलनेत असते. छापील किंमत म्हणजे कायद्याने घातलेलं छत. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी कितीही घ्या. ते छत किती उंच बांधायचं हे माल पाकिटात भरणारा ठरवतो. साबण, टूथपेस्ट, चहा यांची गोष्ट ठीक आहे, एकच पुडा सगळीकडे मिळतो, तुलना होते. पण दुकानाने स्वतःच पाकीटबंद केलेल्या तूरडाळीवर छापील किंमत दुकानच टाकतं आणि सवलतही दुकानच देतं. तिथे बचतीचा आकडा वाचून काय करायचं? किलोचा भाव बघायचा, डाळ हातावर घेऊन बघायची, आणि पुढे जायचं. पाकिटांवर हल्ली बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत असते. चष्मा लावून तेवढी वाचावी.

डी-मार्ट स्वस्त का पडतं

डी-मार्ट काढणारे राधाकिशन दमाणी हे मूळचे शेअर बाजारातले. दुकानदारीत उतरण्याआधी, १९९९ च्या सुमारास, त्यांनी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून बघितली. अपना बाजार म्हणजे १९४८ साली नायगावात कामगारांच्या सहकारातून उभं राहिलेलं दुकान. जुन्या मुंबईकरांना त्याचं वेगळं सांगायला नको. दमाणींना ती पद्धत पटली नाही, आणि २००२ मध्ये त्यांनी पवईला स्वतःचं पहिलं दुकान काढलं. पुढच्या आठ वर्षांत दुकानं झाली जेमतेम २५. मार्च २०२५ अखेर मात्र ४१५.

ही संथ सुरुवात समजून घेतली की भावाचं कोडं निम्मं सुटतं. दुकानाची जागा शक्यतो विकत घ्यायची किंवा दीर्घ मुदतीने घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. त्याला पैसा आधी गुंतवावा लागतो, म्हणून वाढ हळू. पण एकदा जागा आपली झाली की दर महिन्याचं भाडं डाळीच्या भावात मिसळावं लागत नाही. दुसरी गोष्ट पुरवठादारांची. या धंद्यात दोन-तीन आठवड्यांची उधारी सर्रास चालते. डी-मार्ट साधारण आठवडाभरात पैसे मोकळे करतं. ज्याचे पैसे लवकर सुटतात तो भाव पाडून देतो आणि टंचाईत माल आधी त्याच गिऱ्हाइकाकडे पाठवतो. हे आपल्या मंडईतल्या भाजीवालीलाही ठाऊक असतं. तिसरी गोष्ट, ठेवायचं तेच जे खपतं. एखादा दुर्मीळ सॉस किंवा तुमच्या गावाकडचा विशिष्ट मसाला तिथे शोधू नका. जो माल आठ दिवसांत फडताळावरून उतरतो त्यातच पैसा पुन्हा पुन्हा फिरतो.

याचा हिशेब ढोबळ सांगायचा तर, तिथे तुम्ही १०० रुपये दिले की साधारण ८५ मालाच्या खरेदीत जातात. उरलेल्या १५ रुपयांत पगार, वीज, वाहतूक, कर, आणि सगळं वजा जाता हातात राहतात पाचएक रुपये. पाच रुपये थोडे वाटतात, पण गर्दी बघा.

गर्दी येते कशी आणि टिकते कशी

इथे बिग बाजारची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. किशोर बियाणींचं बिग बाजार २००१ चं, म्हणजे डी-मार्टच्याच वयाचं. त्यांनी गिऱ्हाईक बोलावलं ते सणासारखं. २६ जानेवारी २००६ च्या "सबसे सस्ता दिन"ला लोक असे लोटले की दुकानांना गर्दी आवरेना. पुढे बुधवारचा बाजारही आला. मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण त्या पद्धतीत एक गोम असते. गिऱ्हाईक शिकतं की आज घ्यायचं नाही, स्वस्त दिवसाची वाट बघायची. मग एरवीचे दिवस ओस आणि त्या दिवशी चेंगराचेंगरी. (बिग बाजार बुडालं ते कर्जाने आणि थकलेल्या भाड्याने, २०२२ मध्ये त्याची बरीचशी दुकानं रिलायन्सकडे गेली. दोष एकट्या सवलतीच्या दिवसाचा नव्हता.)

डी-मार्टने उलटं केलं. दिवस कोणताही असो, भाव कमीच. जाहिरातीचा गाजावाजा नाही, नटनट्या नाहीत, कूपन नाही. वाट बघण्याचं कारणच काढून घेतलं. माझ्या मते त्यांचं खरं आकर्षण स्वस्तपणाइतकंच या निश्चिंतीचं आहे. तिथे गेलेला माणूस भाव विचारत नाही, दुसरीकडे चौकशी करत नाही. पगार झाला, यादी केली, निघाले. सवय लागली की मागणी आपोआप टिकते.

आणि नेमकं तिथेच तुमचं नुकसान सुरू होऊ शकतं. डी-मार्टच्या विक्रीत अर्ध्याहून जास्त वाटा खाद्यपदार्थांचा आहे, पाचवा हिस्सा साबण-शाम्पू-फिनेलचा, आणि पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त कपडे, भांडी, प्लॅस्टिक, चादरी यांचा. डाळ-तेल-साखरेत नफा कागदाएवढा पातळ. टीशर्ट आणि स्टीलच्या डब्यांत तो बऱ्यापैकी जाड. म्हणजे तुम्हाला बोलावते तूरडाळ, पण तिचा कमी भाव परवडतो तो शेजारच्या रकान्यातल्या बादलीमुळे. मजली दुकानात कपडे-भांड्यांकडे जाणारा वरचा जिना चढताना हे आठवावं.

समजा यादीतलं सामान छापील किमतीने ४००० चं आहे आणि सरासरी १० टक्के सुटले. वाचले ४००. जाण्यायेण्याच्या रिक्षाला १२०. राहिले २८०. तेवढ्यात २९९ चा एक झाकणाचा डबा ट्रॉलीत पडला, जो सकाळपर्यंत तुम्हाला नको होता. संपली बचत, उलट १९ रुपये अंगावर. डबा वाईट नसतो हो! फक्त त्याला बचत म्हणू नये. शिवाय घरात बिस्किटांचे चार पुडे असले की चारही त्याच वेगाने संपतात, हा माझ्या घरातला अनुभव. साठा केला की खाणं वाढतं, आणि तो खर्च कोणत्याच बिलावर दिसत नाही.

खालचे शेठ

वाण्याला पाकीटबंद मालावर कंपनीच्या वितरकाकडून मिळणारी सूट साधारण १० टक्क्यांच्या आसपास असते. त्यातून दुकानाचं भाडं आणि पोऱ्याचा पगार. तेव्हा "शेठ, डी-मार्टमध्ये तर एवढ्याला मिळतं" असं म्हटल्यावर तो कसनुसं हसतो, ते उगाच नाही. काही वस्तू त्याला पडतात त्याच भावात तिथे विकल्या जातात.

पण त्याच्या भावात काय काय येतं ते बघा. ५० ग्रॅम मोहरी सुटी मिळते. रात्री पाहुणे आले की फोनवर दूध आणि ब्रेड वर येतात. तांदूळ शिजवून बघायला मूठभर देतो. डाळीत टोके निघाले तर न बोलता बदलून देतो, कारण उद्या तुम्ही त्याच्याच दारावरून जाणार आहात. आणि वही. यूपीआय आल्यामुळे लोकांना वाटतं वही गेली, पण २५ तारखेनंतरची उधारी अजून तिथेच चालते. बिनव्याजी, बिनकागदाची. ज्यांचा पगार दर महिन्याला ठरल्या दिवशी होत नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट दहा टक्के सवलतीपेक्षा मोलाची आहे.

एक गोष्ट बरेच जण करत नाहीत: महिन्याची अख्खी यादी एकदम त्याच्या हातात देणं. तसं केलं तर तेलाच्या डब्यावर, साखरेवर, पाच किलो तांदळावर तो दर पाडतो. मात्र मागावं लागतं. रोज पाव किलो साखर नेणाऱ्याला तो भाव मिळत नाही, आणि मिळूही नये.

ग्राहक पंचायत, जिची आता कुणी जाहिरात करत नाही

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे. पद्धत अशी: आसपासची दहा-बारा कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याचं मागणीपत्रक आधी भरतात, पैसेही आधीच. सगळ्यांचा माल एकत्र खरेदी होतो, टेम्पो एका घरी उतरवतो, आणि संघातले लोक आपापल्या पाळीने वाटप करतात. दुकान नाही, फडताळं नाहीत, म्हणून मोह नाही. आणि निवडही नाही फारशी.

डी-मार्टशी ताडून बघितलं की गंमत दिसते. दोघांनी घाऊक खरेदी केली, दोघांनी मधले दलाल टाळले, दोघांनी दिखावा टाळला. फरक असा की एकाला तुम्ही यादीबाहेर गेलात तर हवंच आहे, दुसऱ्याकडे यादीबाहेर जायची सोयच नाही. धान्याचा दर्जा मला तरी कायम चांगला मिळाला. अडचण एकच, वाटपाच्या दिवशी कुणीतरी घरी असावं लागतं आणि पाळी आली की दोन तास राबावं लागतं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या जिवावर चाललेले संघ मी पाहिले आहेत. आठ वाजता घरी येणाऱ्या जोडप्याने त्यात शिरायचं तर शेजाऱ्यांशी ओळख हवी. नव्या सोसायटीत ती कुठून आणायची?

दहा मिनिटांचं ॲप

याबद्दल थोडक्यात. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट हे भावाचं नव्हे, वेळेचं दुकान आहे. हाताळणी शुल्क, डिलिव्हरी शुल्क, गर्दीच्या वेळेचा अधिभार, छोट्या ऑर्डरचा अधिभार, हे सगळं एका लिंबासाठी भरणारे लोक आहेत आणि त्यांची संख्या कमी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये डी-मार्टचे तेव्हाचे प्रमुख नेव्हिल नोरोन्हा यांनी तिमाही निकालांच्या वेळी कबूल केलं की महानगरांतल्या त्यांच्या मोठ्या उलाढालीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतोय. त्यानंतरच्या सोमवारी शेअर आठ टक्क्यांहून जास्त घसरला. म्हणजे स्वस्त माल असूनही माणूस सोफ्यावरून उठायला तयार नाही, हे त्यांनाही जाणवलं. त्यांची स्वतःची घरपोच सेवा, डी-मार्ट रेडी, मोठ्या शहरांत आहे, पण ती दहा मिनिटांची नाही. आदल्या दिवशी ठरवणाऱ्यांसाठी आहे, आणि यादीने चालणाऱ्याला तीच जास्त सोयीची, कारण तिथे वरचा मजला चढावा लागत नाही.

ॲपवर एक सांभाळावं: पाकिटाचं वजन. पडद्यावर किंमत ठळक आणि ग्रॅम बारीक. मी एकदा किलो समजून मागवलेली डाळ अर्धा किलो निघाली. चूक माझीच, पण त्यानंतर वजन आधी वाचते.

भाचीला काय सांगितलं

दोनच माणसं, सकाळचा डबा आणि रात्रीचं जेवण. त्यांचं महिन्याचं सामान फार तर तीन-साडेतीन हजारांचं. एवढ्यासाठी दर पंधरा दिवसांनी डी-मार्टची फेरी मारण्यात राम नाही. दोन महिन्यांतून एकदा जा, शक्यतो मधल्या वारी सकाळी, आणि फक्त न नासणारं आण: साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, चहा, तेल. हेच सामान तिथे सगळ्यात फायद्याचं पडतं, कारण छापील किमतीवरची सूट खरी असते. स्कूटरच्या पुढच्या जागेत मावेल तेवढंच घ्यायचं, हा नियम कर. स्कूटर उत्तम पहारेकरी आहे. यादी नवऱ्याच्या हातात दे, तू रिकाम्या हाताने चाल. किंवा उलट. दोघांनी मिळून ट्रॉली ढकलू नये.

डाळी, तांदूळ, मसाले, रवा-पोहे खालच्या शेठकडून, महिन्याची यादी एकदम देऊन. दोन-चार टक्के जास्त गेले तर जाऊ देत, आठ वाजता घरी येणाऱ्यांना वर आणून देणारा माणूस लागतो. ॲप फक्त अडल्यानडल्याला, आणि महिनाअखेरीस त्यावरची सगळी शुल्कं एकदा बेरीज करून बघ. नवऱ्याला आकडे काढायची आवड आहेच.

मुलंबाळं झाली, माणसं वाढली, सासूबाई राहायला आल्या की गणित बदलेल. पाच जणांच्या घरात तेलाचे पाच लिटर महिन्यात उडतात, तिथे डी-मार्टचा भाव जाणवतो आणि रिक्षाचे पैसे वसूल होतात. तोवर सोसायटीत चार ओळखी झाल्या असतील तर पंचायतीचा संघही काढता येईल.

आणि गहू यातल्या कुणाकडूनच नको. तो एप्रिल-मेमध्ये आपण मिळून घेऊ, लोकवन, वर्षाचा. ऊन देऊन, डाळिंबाची साल नाहीतर कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवायचा. कोठी मी देते, माझ्याकडे आईची एक पडून आहे.