लाइव्ह तास की व्हॉट्सअ‍ॅपवरचा धडा?

हडपसरला सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या एका ताईंचा कोरोनाकाळातला प्रश्न होता: मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मग रोज झूमवर तास घ्यावा, की धडा रेकॉर्ड करून पाठवावा?

आधी खर्च, कारण घोडं तिथेच अडतं. लाइव्ह तासाला सलग नेट लागतं आणि फोन नेमका त्याच वेळी मोकळा हवा. वडील तो घेऊन कामावर गेले किंवा दोन भावंडांचे तास एकाच वेळी आले, की एकाचं शिकणं बुडालंच. दहा मिनिटांचा व्हिडिओ रात्री आठलाही बघता येतो, हवा तितक्यांदा.

पण मुलाला समजलं का, हे कळायला लाइव्ह तासाला तोड नाही. अपूर्णांकांच्या भागाकारात ते कुठे अडलं, हे तिथल्या तिथे दिसतं. व्हिडिओखाली आलेल्या 'ओके मॅडम'वरून काय कळणार?

शिक्षकांचे कष्ट रेकॉर्डिंगला जास्त. मात्र बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी ई-लर्निंग मंचावरचं साहित्य मिळतं, ते जरूर वापरा.

डोळ्यांचाही विचार हवा. ऑनलाइन वर्गांसाठी २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचनांनुसार पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सत्रं घ्यायची होती.

घरोघरी वायफाय आणि मुलासाठी वेगळा फोन असेल, तर लाइव्ह घ्या. घरात एकच फोन असलेल्या मुलांसाठी रेकॉर्डिंगच बरं, सोबत आठवड्यातून एकदा संध्याकाळी शंकांसाठी फोन. वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असतील, तर माझ्या मते रेकॉर्डिंग सगळ्यांना आणि लाइव्ह फक्त अवघड उदाहरणांपुरतं.