दुकान, हॉल किंवा मंडळासाठी एलईडी स्क्रीन: सिंक घ्यायची की एसिंक?

ठाण्यात घोडबंदर रोडला दुकान असू दे नाहीतर वाशीत हॉल, स्क्रीन लावायची म्हटली की सगळे आधी विचारतात पी १० घेऊ की पी ५ (हा पिक्सेल पिचचा आकडा, त्याचं पुढे बघू), आणि स्क्वेअर फुटाला भाव काय. मला विचाराल तर त्याच्याही आधी ठरवा की स्क्रीनवर काय चालणार आणि ते रोज चालवणार कोण. कंट्रोल सिस्टीम, म्हणजे स्क्रीनला चित्र पुरवणारी यंत्रणा, सिंक (लॅपटॉपवरून थेट) घ्यायची की एसिंक (स्वतःच्या मेमरीतून) हे त्यावरच ठरतं, आणि ती चुकली की महागातली स्क्रीनसुद्धा गेल्या दिवाळीची ऑफर पुढच्या पाडव्यापर्यंत दाखवत बसते कारण बदलायला कुणाला जमतच नाही.

आधी आतलं थोडं बघू. स्क्रीन अख्खी एक नसते, बहुतेक वेळा ३२० बाय १६० मिमीची मॉड्यूल्स जोडून बनते. प्रत्येक पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यात, लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी, आणि रंग कमीजास्त होतो तो करंट कमी करून नाही तर एलईडी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून, जितका जास्त वेळ चालू तितका उजळ, आपल्या डोळ्याला ते सलगच दिसतं. मॉड्यूल्सना ५ व्होल्टचे एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, लागतात, साधारण ४० अँपियरवाले. मागे रिसिव्हिंग कार्ड असतं, त्यातून १६ पिनच्या फ्लॅट केबल मॉड्यूल्सना जातात आणि कुठला पिक्सेल कधी पेटायचा ते हे कार्ड ठरवतं. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. फरक एवढाच की या कार्डाकडे चित्र येतं कुठून.

सिंकमध्ये ते लॅपटॉपवरून येतं. एचडीएमआय केबल जाते सेंडिंग बॉक्सला किंवा व्हिडिओ प्रोसेसरला, तिथून लॅन केबल रिसिव्हिंग कार्डाला, म्हणजे लॅपटॉपवर जे दिसतं तेच त्या क्षणी स्क्रीनवर. कॅमेरा जोडा, क्रिकेट मॅच लावा, काहीही चालतं. पण लॅपटॉप बंद झाला की खेळ खल्लास, आणि कार्यक्रमभर माणूस बसवावा लागतो. अजून एक, बॉक्स लॅपटॉपजवळ ठेवा आणि लांबचं अंतर लॅन केबलने कापा, ती १०० मीटरपर्यंत जाते, साधी एचडीएमआय १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही.

एसिंकमध्ये चित्र पुरवणाऱ्या कंट्रोलर कार्डालाच मेमरी आणि प्रोसेसर असतो. मोबाइलवरून वायफायने किंवा पेनड्राइव्हने व्हिडिओ टाकला की काम संपलं, पुढे ते एकटं चालतं, लाइट गेली आणि आली तरी आपोआप सुरू होतं, सकाळी १० ला चालू रात्री १० ला बंद असं वेळापत्रक लावता येतं, सिमकार्डवालं घेतलंत तर नेरूळच्या घरी बसून ठाण्याच्या दुकानातली जाहिरात बदला. लाइव्ह मात्र नाही. आता नोव्हास्टार टॉरससारखे बॉक्स मिळतात ज्यात दोन्ही मोड आहेत, एचडीएमआय लावली की सिंक, काढली की स्वतःचा लूप.

माझा कौल असा. दुकान, शोरूम, क्लास, दवाखाना, सोसायटीचं गेट यांना एसिंक, डोळे झाकून. लग्नाच्या हॉलला दोन्ही मोडवाला बॉक्स, कारण मुहूर्ताला लाइव्ह कॅमेरा लागतो आणि एरवी मंगळवारी दुपारी हॉलची जाहिरातच चालते. गणपती मंडळाला सिंक हवं, आरती लाइव्ह दाखवायची असते, पण दहा दिवसांसाठी विकत घेऊच नका, भाड्याने घ्या आणि ऑपरेटर त्यांचाच मागा. भाड्याच्या स्क्रीन बहुतेक ५०० बाय ५०० मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम कॅबिनेटच्या असतात, पी ३.९१ असेल तर एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल.

आता पिच. पिच म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, आणि ढोबळ हिशोब असा की जितका पिच तितके मीटर लांबून चित्र नीट दिसतं. ३.२ बाय १.९२ मीटरची स्क्रीन धरा, १२० मॉड्यूल्स लागतील. पी १० मध्ये त्यात ३२० बाय १९२, म्हणजे ६१,४४० पिक्सेल, पी ५ मध्ये २,४५,७६०, आणि पी २.५ मध्ये ९,८३,०४०. बॉक्सच्या एका गिगाबिट लॅन पोर्टवर साधारण ६.५ लाख पिक्सेल चालतात, म्हणजे पी २.५ घेतलंत की एका पोर्टचा बॉक्स पुरत नाही, हे कोटेशन बघताना तपासाच. रस्त्यापलीकडून बघणाऱ्यांसाठी पी १० मध्ये मोठी अक्षरं छान दिसतात पण फुटपाथवरच्या माणसाला चेहरे ठिपक्यांचे दिसणार, तिथे पी ५ किंवा पी ४.

रिफ्रेश रेटवर, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं त्यावर, पैसे वाचवू नका. मॉड्यूलमधल्या सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत, आळीपाळीने पेटतात, त्यामुळे रिफ्रेश कमी असेल तर डोळ्याला काही कळत नाही पण मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे येतात. हॉलला आणि मंडळाला ३८४० हर्ट्झच घ्या, तिथे प्रत्येक जण शूट करत असतो. रस्त्यावरच्या दुकानाला १९२० पुरतं.

बाहेर लावणार असाल तर ब्राइटनेस ५००० निट्स (उजेडाचं माप) तरी हवा, आतल्याला हजाराच्या आसपास खूप झाला. खाडीची खारी हवा आणि आपला पाऊस बघता आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) समोरून आहे का मागूनही आहे हे वेगळं विचारा, बऱ्याचदा मागची बाजू कमी रेटिंगची असते आणि गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात स्क्रीन आठवडाच्या आठवडा बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ कमी ब्राइटनेसवर चालवा, आतली ओल निघून जाते. महापालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चर इंजिनिअरचं सर्टिफिकेट याला फाटा देऊ नका, २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली.

शेवटी पैसे चुकते करायच्या आधी वेंडरकडून दोन गोष्टी घ्याच. एक, त्याच बॅचची पाच-सहा जादा मॉड्यूल्स, कारण नंतर वेगळ्या बॅचचं लावलं तर तेवढा चौकोन वेगळ्या रंगाचा उठून दिसतो. दुसरी, रिसिव्हिंग कार्डाची कॉन्फिगरेशन फाइल पेनड्राइव्हवर, कारण कार्ड बदलल्यावर ती नसेल तर चित्र तुकड्या-तुकड्यांत उलटसुलट येतं आणि ऐन सणाच्या संध्याकाळी वेंडर फोन उचलेल याची खात्री नसते.