मेरी वॉशिंग्टन हाउस, फ्रेडरिक्सबर्ग: आधी मृत्युपत्र वाचा, मग घर बघा

वॉशिंग्टन डीसी आणि रिचमंडच्या साधारण मधोमध, आय-९५ महामार्गाला लागूनच, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात फ्रेडरिक्सबर्ग आहे. तिथल्या चार्ल्स स्ट्रीटवरचं हे घर बघायला लोक येतात ते ‘जॉर्ज वॉशिंग्टनच्या आईचं घर’ म्हणून. जॉर्जने १७७२ मध्ये ते आईसाठी विकत घेतलं, हे खरंच. पण माझं सांगणं एवढंच, की मुलाला थोडा वेळ विसरा आणि मेरीबाईंनी मे १७८८ मध्ये केलेलं मृत्युपत्र वाचून जा. ते इंटरनेटवर सहज मिळतं, पाच-दहा मिनिटांत वाचून होतं. न वाचता गेलात तर जुनं फर्निचर बघून बाहेर पडाल. वाचून गेलात तर प्रत्येक खोलीत थांबाल.

मी त्याची प्रत हातात घेऊनच फिरले. त्यांच्या निजायच्या खोलीत उभं राहून ‘माझा सगळ्यात चांगला पलंग’ ही ओळ वाचताना अंगावर काटा आला. पलंग, त्याचे व्हर्जिनिया कापडाचे पडदे, निळी-पांढरी रजई आणि सगळ्यात चांगला आरसा हे सगळं थोरल्या जॉर्जला. व्हर्जिनिया कापड म्हणजे तिथेच, घरोघरी विणलेलं साधं कापड. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाआधी विलायती मालावर बहिष्कार होता त्या वर्षांत त्याला मोठा मान होता. हा आरसा इथे जपलेला आहे, तो चुकवू नका. घरातल्या बाकीच्या बऱ्याच वस्तू त्या काळातल्या आहेत, मेरीबाईंच्याच असं नव्हे. गाइडला कुठली कोणाची ते विचारत राहा.

नातू फील्डिंगला चांदीचे आठ मोठे चमचे, निळा-पांढरा चहाचा सेट, लाल चामड्याच्या खुर्च्या. नात बेटी कार्टरला अक्रोडाच्या लाकडाचं लिहायचं टेबल, सगळ्यात मोठा आरसा, जांभळे पडदे आणि लाल-पांढरा चहाचा सेट. कथलाची भांडी दोघांत निम्मी-निम्मी. सून हॅनाला लवदार अस्तराचा जांभळा डगला. कोणाला काय द्यायचं हे आपल्याकडच्या आज्या भांड्यांवर नावं घालून ठरवत, तितकाच बारीक विचार इथे दिसतो. मला सगळ्यात आवडलं ते कपड्यांचं कलम. उरलेले कपडे तीन नातींत वाटायचे, पण वाटणीआधी लेक बेटीला त्यातलं एखादं, दोन किंवा तीन आवडलं तर ते तिने घ्यावं. लेकीची नजर कशावर असेल हे या आईला नक्की ठाऊक असणार!

‘माझा’, ‘माझी’, ‘माझे’ हे शब्द या कागदात इतक्यांदा येतात त्यालाही कारण आहे. तेव्हा तिथेही चालणाऱ्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईची चीजवस्तू नवऱ्याची होत असे. मेरीबाईंचे पती १७४३ मध्ये वारले, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, म्हणून त्या स्वतःच्या नावाने हे लिहू शकल्या.

आणि त्याच कागदात माणसंही, म्हणजे मेरीबाईंचे गुलाम, वाटलेली आहेत. टॉम, फ्रेडरिक, लिडिया, म्हातारी बेट, जॉर्ज नावाचा मुलगा. बेटी कार्टरला टेबल आणि आरसा मिळाला त्याच कलमात ‘लिटल बेट’ही मिळाली, तिला पुढे होणाऱ्या मुलाबाळांसकट. हे वाचल्यावर मागच्या अंगणातलं स्वयंपाकघर नुसतं गोजिरं म्हणून बघवत नाही. तिथली चूल कोणी पेटवली असेल? मुलांना घेऊन जाणार असाल तर ही नावं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चमचे वाचायचे आणि माणसं गाळायची, हे मला पटत नाही.

मार्च १७८९ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला न्यूयॉर्कला जाण्याआधी जॉर्ज आईला भेटायला आला होता. ऑगस्टमध्ये आई वारली. नंतर बहिणीला, म्हणजे बेटीला, लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की मृत्युपत्रातून मला मिळालेल्या या वस्तू आईच्या मायेची आठवण आहेत, म्हणून त्यांचं मोल त्यांच्या किमतीपेक्षा माझ्या लेखी फार जास्त आहे. पत्राचा बाकीचा बराचसा भाग हिशेबाचा आणि कोरडा आहे, तोही वाचण्यासारखा आहे.

घर लहान आहे, जिने जुने आहेत, गुडघेदुखी असलेल्यांनी आधी फोन करून विचारावं. बाग सुंदर आहे. १८९० च्या सुमारास हे घर उचलून शिकागोच्या प्रदर्शनात न्यायचं घाटत होतं, ते एका जतनसंस्थेने साडेचार हजार डॉलर्सना घेऊन वाचवलं, त्याबद्दल त्यांचे आभारच.

इथून लेक बेटीचं घर, केनमोर, चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथलं छतावरचं गिलाव्याचं नक्षीकाम अप्रतिम आहे. तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि दोन्ही घरं एकाच दिवशी बघायची तर सकाळीच पोहोचा.