बधिर तळव्यांसाठी: एमसीआर सँडल की वेल्क्रोचे खोल बूट?

साखरेमुळे तळवे बधिर झाले, तपासणीतला, १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू टेकवलेला कळेनासा झाला, की पहिली सुट्टी अंगठ्याच्या चपलेला. ती पायातून निसटते आणि आपण चार पावलं तसेच पुढे गेलेलो असतो. मग उरतात दोन पर्याय: मागे पट्टा असलेलं एमसीआरचं (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे बारीक पोकळ्यांचं मऊ रबर) सँडल, किंवा आतून खोल असलेले वेल्क्रोचे बंद बूट.

कागदावर बूट सरस. ठेच, काटा, तापलेली फरशी, सगळ्यांपासून बचाव. बोटं वाकून वर आली असतील तर खोल बुटात त्यांच्या सांध्यांना घासायला काही नसतं. आणि पाऊल लोंबत असेल, चालताना चवडा जमिनीला घासत असेल, तर चर्चाच नको. घोट्याला आधार देणारा स्प्लिंट बुटातच नीट बसतो.

तरीही माझा कल सँडलकडे आहे, आणि त्याचं कारण आहे उंबरठा. आपल्याकडे दिवसातून कितीदा पायताण काढावं-घालावं लागतं! बूट घालायचा तर बसायला हवं. एका पायावर उभं राहून ते जमत नाही, कारण तळव्याकडून काही कळत नसताना तोल डोळ्यांच्या भरवशावर असतो, आणि जिन्याखाली नेमका अंधार. दाराशी खुर्ची क्वचितच असते. मग वेल्क्रो ढिला राहतो, टाच मोडून बूट सपातेसारखा सरकवला जातो. काही दिवसांत मागची कड आत दुमडते, त्या घडीवर टाच घासते, फोड येतो. दुखत नाही, म्हणून मोजा ओला झाल्यावरच पत्ता लागतो. शिवाय बूट राहतात दारात आणि घरभर माणूस अनवाणी. निम्म्याहून जास्त पावलं तर घरातच पडतात. सँडलची दुसरी, धुतलेली जोडी घरात वापरायला कुणाची ना नसते.

सँडलमध्ये खडे शिरतात, हे खरंच. पण ते दिसतात आणि झटकले की जातात. बुटात गेलेला चिंचोका संध्याकाळपर्यंत तिथेच असतो.

घेताना दोन-तीन गोष्टी मात्र पाहाव्यात. मागचा पट्टा शिवून पक्का केलेला हवा आणि उघडणारे वेल्क्रो पुढचे दोन. मागचा उघडणारा असला की लोक तो टाचेखाली दाबून चालतात, म्हणजे बुटाचंच दुखणं परत. एमसीआरचा थर साधारण १० मिलिमीटर, अंगठ्याने दाबला की दबणारा आणि लगेच वर येणारा; खाली टणक रबरी तळ. जोडकाम चिकटवून किंवा शिवून, खिळा एकही नको. माप संध्याकाळी, उभं राहून घ्यावं. सर्वांत लांब बोटापुढे एक सेंटिमीटर जागा सोडावी. ‘घट्ट बसलं म्हणजे छान बसलं’ हे बधिर पायाला नेहमी वाटतं, त्यावर विश्वास ठेवू नये.

पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडं वाढवत. काढल्यावर आरशात तळवे बघायचे. लाली वीस मिनिटांत ओसरली नाही तर पट्टा किंवा तळ बदलून घ्यायचा, ‘रुळेल हळूहळू’ म्हणायचं नाही. चवड्याखाली एमसीआर खळगा धरून बसलं, वर येईनासं झालं, की वरून सँडल नवं दिसत असलं तरी तळ संपला. वेल्क्रोत अडकलेले धागे-केस दातांच्या जुन्या ब्रशने काढावेत, नाहीतर पावसाळ्यात तो अर्ध्या वाटेत सुटतो.

शेताच्या वाटेला, बांधकामाच्या जागी किंवा लांबच्या फिरण्याला मी बूटच सुचवेन. फक्त घालण्याआधी आत हात घालून पुढच्या टोकापर्यंत चाचपावं, आणि हाताची बोटंही बधिर असतील तर बूट उलटा करून आपटावा.