टेकडीचा माथा की गावाबाहेरचं शेत?

गावाजवळ तारे बघायला जायचं तर सहसा दोनच जागा सुचतात: टेकडीचा माथा आणि वस्तीपलीकडचं मोकळं शेत.

टेकडीवर क्षितिज चारही बाजूंनी मोकळं मिळतं. दक्षिणेला खाली रेंगाळणारे तारे बघायचे तर याला तोड नाही. शिवाय थंड हवा उताराने खाली सरकते, त्यामुळे माथ्यावर दव आणि धुकं कमी. पण उंचीवरून दूरच्या शहराचा पिवळट उजेडही दिसतो, अन् वाऱ्याने दुर्बिणीचा स्टँड थरथरला की गुरूचे चंद्र नुसते नाचत राहतात.

शेत खोलगट असेल तर भोवतालचे चढ आणि झाडी तोच उजेड अडवतात. क्षितिजालगतचं आकाश गमवावं लागतं खरं, पण तिथे हवेचा थर जाड असल्याने तारे तसेही मंदच दिसतात. डोक्यावरचं आकाश मात्र काळंभोर. त्रास दवाचा: तासाभरात भिंग ओलं होतं. (ते पुसू नका, ओरखडे पडतात.) आणि विहिरीवरचा एक दिवा लागला की संपलं! डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, ती पुन्हा पहिल्यापासून.

मी शेत निवडेन. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) नुसत्या डोळ्यांनी शोधायची तर उंचीपेक्षा अंधार कामाचा. धूमकेतू मावळतीला टेकलेला असेल, तेव्हा मात्र टेकडीच. दोन्हीकडे आधी दिवसा एक फेरी मारा. कुंपण, खड्डे, विहिरीचा काठ बघून ठेवा.