दूधसागर, हरवळे की चोडण: पाहुण्यांना न्यायचे कुठे?

गोव्यात पाहुणे आले की पहिला दिवस समुद्राचा, हे ठरलेलेच असते. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा. बहुतेक घरांत तीन नावे निघतात: कुळेहून दूधसागर, साखळीजवळचे हरवळे आणि फेरीबोटीने मांडवी नदीतली चोडण-दिवाडी ही बेटे. तिन्हीकडची मजा पाण्याची आहे. त्यामुळे ठिकाण ठरवण्याआधी महिना बघावा, आणि चोडणला जायचे असेल तर भरतीची वेळही.

दूधसागर सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत उतरतो. त्याला सर्वांत जास्त पाणी असते जुलै ते सप्टेंबरात, आणि नेमक्या तेव्हाच कुळेहून धबधब्याकडे नेणाऱ्या जीप बंद असतात. जंगलातल्या वाटेवर ओढे आडवे येतात, पावसात ते जीपला पार होत नाहीत. साधारण ऑक्टोबरात जीप सुरू होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धबधबा भरलेला असतो आणि वाटही उघडी असते, म्हणून दूधसागरला जायचे ते याच दोन महिन्यांत. मार्च-एप्रिलात धार बारीक होते. एवढा प्रवास करून आलेले पाहुणे मग हिरमुसतात.

जीपमध्ये सात जण बसतात. चौघांचे कुटुंब असेल तर अनोळखी तिघांबरोबर बसावे लागते, नाहीतर सात जणांचे भाडे भरावे लागते. दिवसाच्या फेऱ्या मर्यादित असतात. पणजीहून कुळे साठेक किलोमीटर, त्यामुळे रविवारी नऊ वाजता घर सोडणाऱ्यांना बहुधा रांगेचाच अनुभव येतो. वाट खडबडीत आहे. कंबर-मणक्याचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बाईला इथे आणू नये. जीप सोडल्यावर दगडांतून चालावे लागते. सपाट तळव्याच्या चपला शेवाळावर घसरतात, पट्ट्याची रबरी पकड असलेली सँडल हवी. खाण्याची पिशवी हातात धरू नका, माकडे ती ओढतात.

पावसाळ्यात रुळांवरून चालत जाण्याची टूम दरवर्षी निघते. रेल्वेने त्याला मनाई केलेली आहे आणि कारवाईही होते. मनाईचे कारण खरे आहे: घाटात बोगदे आहेत, पाण्याच्या आवाजात गाडीची चाहूल लागत नाही आणि बाजूला सरकायला जागा नसते. भर पावसातला दूधसागर बघायचाच असेल तर कुळे-लोंढा मार्गावरच्या गाडीच्या खिडकीतून बघावा. या घाटाचा चढ १:३७ (३७ मीटरला एक मीटर) आहे, गाडी हळू चालते, त्यामुळे धबधबा डोळे भरून दिसतो.

हरवळ्याला यातले काहीच लागत नाही. गाडी जवळपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. शेजारी रुद्रेश्वराचे देऊळ आणि थोड्या अंतरावर जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत, तिथे लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. जुलै ते सप्टेंबर हा इथला काळ. पाऊस सरला की धार आटत जाते. इथे पाण्यात उतरायचे नाही, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवावे. वरून शांत दिसणारा डोह खोल आहे. कुठल्याही धबधब्याखाली पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर वर पाऊस झाला आहे असे समजून लगेच काठ गाठावा.

चोडणला रायबंदरहून फेरीबोटीने काही मिनिटांत पोचता येते. उतरल्यावर लगेचच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते: १.७८ चौरस किलोमीटर खारफुटी. हे ठिकाण नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे, स्थलांतरित पक्षी असतानाचे. पण लोक घड्याळ बघून जातात आणि तिथेच चुकतात. होडी खारफुटीच्या आतल्या फाट्यांत शिरते ती भरतीला. ओहोटीला तीच होडी गाळात बसते. पक्षी मात्र ओहोटीला दिसतात, कारण तुतवार, चिखल्या, बगळे उघड्या पडलेल्या गाळात किडे-खेकडे टिपायला उतरतात. दोन्ही हवे असेल तर सकाळी सात-आठच्या सुमारास भरती पूर्ण होईल असा दिवस निवडावा. आधी होडी, मग उतरत्या पाण्यावर काठावरून दुर्बीण. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघा. चोडणला ती वेळ किंचित उशिराने येते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. होडीवाल्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवावे. आठ-नऊ वर्षांखालची मुले मात्र तासाभरात कंटाळतात, त्यांना एक नांगी मोठी असलेले फिडलर खेकडे आणि चिखलात उड्या मारणारे मासे दाखवावेत.

पावसाळ्यात मांडवी तांबडी आणि जोराची होते, तेव्हा होडीचा नाद सोडावा. त्याऐवजी फार थोडे लोक करतात तो फेरा करावा. जुने गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे. दिवाडीत पावसात खाजन शेते (खाडीकाठची सखल शेते) हिरवीगार असतात. खारे पाणी अडवणारे बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारे) रस्त्यावरूनच बघता येतात. नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ. हा देव मूळ दिवाडीचा. नार्व्याच्या या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला. तिथून डिचोलीमार्गे हरवळे. वयस्क माणसे, लहान मुले, सगळ्यांना झेपेल असा हा दिवस आहे, आणि पावसाळ्यात आमची पहिली पसंती यालाच.

दोन अडचणी लक्षात ठेवाव्यात. ओहोटीला धक्क्याचा उतार चिखलाने निसरडा होतो. दुचाकीवर मागे बसलेल्याने उतरून चालत फेरीत चढावे. आणि ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो. तो बघायला जाणार असाल तर उत्तम, नाहीतर फेरीची रांग बघता त्या दिवशी हा रस्ता टाळावा.