तीन क्लारनेटं नेली, एकच करून आणलं

पहिलेच सांगतो, हे नागपुरातल्या बाजे दुरुस्त करणाऱ्या एका काकांचं दुकान, पाटी नाही त्यामुळे नाव विचारू नका. शुक्रवारी तलावाकडून महालात शिरलं की आतल्या बोळीत एक पिठाची गिरणी लागते, तिच्या बाजूच्या जिन्याखाली कशीबशी दोन माणसं बसतील एवढी खोली आहे आणि बाहेर एक चेपलेलं युफोनियम (बॅण्डमधला मोठा पितळी बाजा) टांगलेलं आहे, तीच खूण.

आमचे मोठे मामा कामठीला एका बॅण्ड पार्टीत होते, ते गेल्यावर मामींनी ट्रंक माझ्याकडे दिली, म्हणे तूच काय ते बघ. आत तीन क्लारनेटं. मी हौशी माणूस, बासरी वाजवतो थोडीफार, क्लारनेटमधलं शून्य कळत होतं. फोटो काढून बाहेरच्या एका डीलरला पाठवले तर त्यानं पाच मिनिटांत कोटेशन टाकलं, तिन्ही विंटेज आहेत, 15,000 ला एक याप्रमाणे रिस्टोर करून देतो. म्हणजे 45,000, ते पण हात न लावता, नुसते फोटो बघून! तिथंच डोक्यात पाल चुकचुकली. मग मामांच्याच पार्टीतल्या एका जुन्या माणसानं या काकांचा पत्ता दिला.

पोळ्याच्या दोन दिवस आधी गेलो. काकांनी पहिले एक शब्द न बोलता तिन्ही कापडावर मांडली, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "वाजवायचं आहे का विकायचं आहे का आठवण म्हणून ठेवायचं आहे? तिन्हीचं उत्तर वेगळं आहे भाऊ." हे त्या डीलरनं विचारलंच नव्हतं.

पहिलं काळं लाकडी, दिसायला सगळ्यात भारी, मला वाटलं हेच सोनं. काकांनी चाव्या (भोकं उघडझाप करायच्या धातूच्या दांड्या) मोजायच्या आधी करंगळीच्या जागेकडे बघितलं. उजव्या करंगळीला दोनच चाव्या आणि त्यांच्यामध्ये छोटे रोलर असले की अल्बर्ट सिस्टीम, जुनी पद्धत. आज शाळा-कॉलेजात शिकवतात ती बोहम, तिच्यात उजव्या करंगळीला चार नि डावीला तीन चाव्या, एकूण 17 चाव्या आणि भोकांभोवती 6 रिंगा. (गंमत म्हणजे बोहम हा बासरीवाला, क्लारनेटवर ती पद्धत बसवली पॅरिसच्या क्लोझे नि ब्युफेनं, 1839 च्या सुमारास, नाव मात्र बोहमचं चिकटलं.) अल्बर्ट म्हणजे टाकाऊ असं काही नाही, आपले जुने बॅण्डवाले त्याच्यावरच वाजवत आले. खरी अडचण मागच्या बाजूला नंबराखाली होती, दोन बारीक अक्षरं, एच पी. हाय पिच. जुन्या ब्रिटिश मिलिटरी बॅण्डचा सूर आजच्यापेक्षा चढा असायचा, आज ए हा सूर म्हणजे 440 हर्ट्झ, तेव्हा 452 च्या आसपास, म्हणजे जवळपास अर्धा सेमीटोन वर. काकांच्या भाषेत, "याचा सा काळी पाच नि पांढरी सातच्या अधेमधे लटकून राहिला, कोणत्याच बाजाच्या पेटीसोबत बसत नाही." मी म्हटलं बॅरल, म्हणजे तोंडाजवळचा छोटा तुकडा, थोडं बाहेर ओढून उतरवता येईल की. तर म्हणाले, "ओढा ना, वरचे सूर धपकन उतरतील, खालचे तिथंच राहतील, मग एकाच बाज्यात दोन बाजे होतील." हे मला एकदम पटलं कारण बासरीत भोकं एकदा पडली की पडली, नळी लांब करून सगळे सूर सारखे खाली येत नाहीत.

दुसरं चांदीसारखं चमकणारं, अख्खं धातूचं. घरी आलेला प्रत्येक जण याच्याकडेच हात करायचा, सॅक्सोफोन आहे का म्हणून. अमेरिकेत 1920-30 च्या काळात शाळांच्या आणि रस्त्यावरच्या बॅण्डसाठी असे ढिगानं निघाले, त्यातले काही मोजकेच चांगले, बाकी स्वस्तातला माल. काकांनी एका चावीच्या टोकाला झिजलेली जागा नखानं दाखवली, खाली पितळेचा पिवळा नाही की जर्मन सिल्व्हरचा पांढुरका नाही, मळकट करडा रंग. कच्चा ओतीव धातू. असली चावी सरळ करायला गेलं की वाकत नाही, तुटते. एक तर आधीच तुटून वेडीवाकडी झाळलेली होती. "शोकेसमध्ये ठेवा, छान दिसते," एवढंच बोलून बाजूला सरकवलं.

तिसरं सगळ्यात मळकं. चाव्यांखाली भोक बंद करणारे पॅड उंदरांनी खाल्लेले, पावसानं लाकूड फुगून वरचा नि खालचा जॉइंट इतका घट्ट बसलेला की मला निघालाच नव्हता, काकांनी जोर न लावता मागेपुढे हलवत हलवत दहा मिनिटं घालवली. मी आपला समजून चाललो होतो की हे एबोनाईटचं, म्हणजे कडक काळ्या रबराचं असेल. त्यांनी बेल (खालचं पसरट तोंड) उजेडाकडे धरून आत बघायला लावलं, लाकडाच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. एबोनाईट उन्हात राहून हिरवट तपकिरी पडतं आणि अंगठ्यानं जोरात घासलं की गंधकाचा वास येतो, याला काहीच वास नव्हता. शिक्का बूझी अँड हॉक्सचा, मॉडेल एजवेअर. या दोन कंपन्या 1930 ला एक झाल्या, म्हणजे दोन्ही नावं एकत्र दिसली की बाजा त्याच्या नंतरचाच. हे त्यांचं टॉपचं मॉडेल नाही, रीजंटच्या वर, इम्पीरियलच्या खाली, पण लाकूड खरं, बोहम सिस्टीम, सूर आजचा.

मग जे केलं ते बघण्यासारखं होतं. वरच्या जॉइंटवर स्पिरिटचा बोळा फिरवला. सगळं दोन सेकंदात सुकलं, फक्त ट्रिल चावीच्या भोकाजवळ केसाएवढी एक ओली रेघ मागं राहिली. चीर! पावसाळ्यात ती मिटून जाते, दिसत नाही, मे महिन्यात नागपूरचं 45 डिग्री लागलं की तोंड उघडते. विकणारे असले बाजे पावसाळ्यातच काहून विकतात ते तेव्हा कळलं. पण चीर आतल्या नळीपर्यंत गेली नव्हती, म्हणून काका म्हणाले हे करू.

खर्च झाला 6,500. सगळे पॅड, कॉर्क, चार स्प्रिंगा, आणि चिरेत त्याच लाकडाचा भुसा भरून चिकटवणं. पॅड बसला का नाही ते पतंगीच्या कागदाची पट्टी दाबून ओढून बघतात, प्रत्येक पॅडला चारही बाजूंनी. शेवटी भोकं बोटांनी बंद, खालून तळवा, वरून हवा ओढून धरली, तोंड काढल्यावर टप्प आवाज आला तेव्हा कुठे हसले.

आता तक्रारी. पंधरा दिवस म्हणाले नि पाच आठवडे लावले. फोन उचलत नाहीत. बिल नाही, कागदावर आकडा लिहून देतात. रजिस्टर चावीचा पॅड आठवड्यात गळून पडला, परत गेलो तर फुकट लावून दिला पण चूक झाली असं काही म्हणाले नाहीत, उलट मीच जोरात पुसलं म्हणे. क्लारनेट ठेवायच्या पेटीचं तुटलेलं कुलूप तसंच परत आलं. म्हणून पाचपैकी चार, त्याच्यावर नाही.

आणि तरी तिन्ही बाजे तपासायचे त्यांनी फक्त 200 रुपये घेतले, ज्या दोनमधून त्यांना सहज 15,000 निघाले असते ती परत दिली. एच पी वालं मी मामींना नेऊन दिलं, त्यांनी ते मामांच्या फोटोखाली भिंतीला लावलं.

जाणार असाल तर सकाळी अकरानंतर जा, रविवारी बंद. लग्नाच्या सीझनमध्ये बिलकुल नका जाऊ, तेव्हा बॅण्डवाल्यांचीच रांग असते. सुरुवातीला रोज दहाच मिनिटं वाजवा म्हणाले आणि कूलरच्या समोर ठेवू नका. रीड (तोंडात धरून फुंकायची पातळ पट्टी) आपल्या आपण न्या, त्यांच्याकडे दोन नंबरचीच असते, ती पण कोणाची तरी अर्धी वाजवलेली.